रविवारी चार ते सहा सगळं छानच दिसतं

नमस्कार सिस्टर,

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, ७८ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. गेल्या गणपतीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ बंद झालं. समजतं सगळं असं वाटतं, पण शब्द निघत नाही. शुगरच्या गोळ्या फार जुन्या. आई ७२ ची, गुडघ्यांनी बेजार. दादा-वहिनी बेंगळुरूला. मी इथंच आहे, पण घरात सासू-सासरे आणि दहावीतला मुलगा. आण्णांना सांभाळायला ब्युरोच्या चार बायका आल्या नि गेल्या. शेवटी दादानं आण्णांना शहराबाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. महिन्याला २४ हजार, डायपर-औषधं वेगळी.

भेटायची वेळ रविवारी चार ते सहा. आम्ही जातो तेव्हा आण्णांची दाढी केलेली, पावडर लावलेली, बंडी स्वच्छ. फरशी चकचकीत, हॉलमध्ये मोठा टीव्ही, विठ्ठलाची मूर्ती. विचारलं की "आजोबा एकदम छान" म्हणतात. पण गेले तीन रविवार आण्णा निम्मा वेळ झोपलेलेच असतात आणि पायजम्याची नाडी पहिल्यापेक्षा फार आवळावी लागते. दादा म्हणतो, तुला उगाच संशय. चुलत्यांनी तर "बापाला आश्रमात टाकलं" म्हणून आमच्याशी बोलणंच टाकलंय. तिथं खरंच नीट बघतात का, हे आमच्यासारख्यानं ओळखायचं कसं? आणि काढून आणायची वेळ आली हे कशावरून समजायचं? अजून एक, आण्णांना पांढरा रस्सा फार आवडतो. डब्यातून नेला तर चालेल का?

– एक लेक

ताई,

आधी झोपेचं बोलू. बाकीचं चार दिवस थांबेल, हे थांबायचं नाही. शुगरच्या गोळ्या घेणारा माणूस कमी जेवायला लागला आणि गोळी मात्र पूर्वीचीच चालू राहिली, तर साखर खाली घसरते. मग माणूस मलूल पडतो, घामानं डबडबतो, झोपाळतो, आणि बघणाऱ्याला वाटतं विश्रांती घेतायत. तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात, नाडी आवळावी लागते आणि झोप वाढलीय. त्या दोन्ही एकत्र आल्या की मी तरी रविवारची वाट बघणार नाही. उद्याच जा. गेल्या पंधरा दिवसांच्या शुगरच्या नोंदी मागा आणि तुमच्यासमोर ग्लुकोमीटरवर एकदा तपासायला लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर ती कमी शुगर. माणूस जागा असेल, नीट गिळत असेल, तर लगेच साखर द्यायची. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

शुगर ठीक निघाली तरी विषय संपत नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, छातीतला कफ, पोटात पाणी कमी जाणं, पुन्हा आलेला एखादा छोटा झटका, किंवा कुणीतरी नव्यानं सुरू केलेली झोपेची गोळी, यातलं काहीही असू शकतं. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. आण्णांवर पहिल्यापासून ज्यांनी उपचार केले त्यांनाच दाखवा. जाताना सेंटरमधल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नुसती यादी नको. यादीत नसलेली गोळी पाकिटात सापडते, असं बऱ्याचदा होतं. कुठली गोळी कुणी आणि कधी सुरू केली याची चिठ्ठी सेंटरकडे असलीच पाहिजे.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझी उभी नोकरी वॉर्डात गेली. साहेबांचा राऊंड असला की वॉर्ड कसा दिसतो आणि रात्री तीन वाजता तोच वॉर्ड कसा असतो, हे मला पुरतं माहीत आहे. तुमचा रविवार म्हणजे साहेबांचा राऊंड. दाढी, पावडर, धुतलेली बंडी ही सगळी पंधरा मिनिटांची कामं. म्हणून पंधरा मिनिटांत उरकता येत नाही अशाच जागी बघायचं.

पहिली जागा म्हणजे आण्णांची उजवी मूठ. अंगावरून वारं गेलेल्या माणसाचा तो हात हळूहळू आवळत जातो, बोटं तळव्यात रुततात. उद्या गेलात की त्यांच्याशेजारी बसा आणि ती मूठ हळूहळू, एकेक बोट करत उघडा. घाई केली तर दुखेल. आत नखं वाढलेली आहेत का? तळव्यावर नखांचे व्रण आहेत का? आंबूस वास येतो का, बोटांच्या बेचक्यात पांढरट मळ साचलाय का? मूठ रोज उघडून, धुऊन, कोरडी करून त्यात मऊ कापडाची गुंडाळी ठेवणारं माणूस तिथं असेल, तर त्या माणसाचा हात आण्णांच्या बाकीच्या अंगावरूनही फिरत असणार. पाहुण्यांना दाखवायला म्हणून मूठ कुणी धुवत नाही.

मग टाचा. पायावरची चादर बाजूला करा. त्यानंतर माकडहाड, दोन्ही खुबे, कोपरं, खांद्याची हाडं. "मला आण्णांची पाठ बघायची आहे, कुशीवर वळवायला मदत करा," असं स्पष्ट सांगा. लाज धरू नका. लेकीनं बघायचं नसेल तर तुमच्या मिस्टरांना सोबत न्या. लालसर डाग दिसला तर बोटानं दाबून सोडा. चांगली कातडी दाबल्यावर फिकी पडते आणि मग पुन्हा लाल होते. दाबूनही लाल तशीच राहिली, तर बेडसोरची सुरुवात झाली म्हणून समजा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही, म्हणून काळपट-जांभळट छटा बघा, आणि ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिलपिलीत लागते का ते चाचपा. तिथं पावडरचा थर असेल तर ओल्या कापडानं पुसून मग बघा. पावडरचा डबा मला नेहमी संशयास्पद वाटतो, जखमेवर त्याचा काडीचा उपयोग नाही. डागावर स्पिरिट चोळणं आणि पार्श्वभागाखाली रबरी रिंग ठेवणं या दोन्ही जुन्या पद्धती आता चुकीच्या मानतात. तिथं त्या चालू असतील, तर शिकवणारं कुणी नाही असं धरून चाला.

न्याय्य बोलायचं तर एखादा डाग सापडला म्हणून लगेच पोलिसात धावू नका. शुगर असलेल्या, अर्धं अंग गेलेल्या माणसाला घरात पोटच्या पोरांनी बघितलं तरी बेडसोर होऊ शकतो. तुम्ही दाखवायच्या आधी त्यांना तो ठाऊक होता का, आणि त्याची नोंद आहे का, यावरून त्या जागेची परीक्षा करा. "हो ताई, परवापासून दिसतोय, डॉक्टरांना दाखवलाय, दर दोन तासांनी कूस बदलतोय," असं उत्तर आलं तर मी त्या सिस्टरवर विश्वास टाकीन. "अय्यो, हे कधी झालं?" असं आलं तर नाही.

दोन तासांनी कूस बदलण्यावरून आठवलं. पलंगाशी एक तक्ता लटकवलेला असतो. कितीला डावी कूस, कितीला उताणं, कितीला उजवी. तुम्ही चारला पोचलात आणि तक्त्यावर सहाचीही सही झालेली असेल, किंवा सबंध आठवडा एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात, एका बैठकीत भरल्यासारखा दिसत असेल, तर तो तक्ता तुमच्यासाठी लटकवलाय. आणि त्याच्याच जोडीला एक साधा प्रश्न विचारा, "रात्री ड्यूटीला किती माणसं?" आण्णांसारखा एका बाजूनं लुळा पडलेला थोराड माणूस नीट वळवायला दोघं लागतात. रात्री सबंध मजल्यावर एकच मामा, म्हणजे वॉर्डबॉय, असेल, तर तो बिचारा कितीही भला असला तरी आण्णा रात्रभर त्याच कुशीवर पडून असणार. मग तक्ता काय म्हणतो ते वाचायचीही गरज नाही.

मॅनेजर तुम्हाला फिरवून दाखवताना एसी, कॅमेरे, फिजिओथेरपीचं मशीन असं दाखवील. तुम्ही मावशीला आणि मामाला शोधा. सेवा करणारे हात त्यांचे. "मावशी, तुम्ही इथं कधीपासून?" एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. चार-पाच वर्षं टिकलेली दोन-तीन माणसं असतील तर ती जागा बरी. दर महिन्याला नवे चेहरे दिसत असतील, तर पगार वेळेवर होत नसणार किंवा कामाचा रगाडा फार असणार. दोन्हीचा भुर्दंड शेवटी पेशंटच्या अंगावर येतो. पांढरा ड्रेस घातला म्हणजे सिस्टर झाली असंही नाही. नर्सिंगचा जीएनएम कोर्स तीन वर्षांचा, एएनएम दोन वर्षांचा, आणि नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेलं असावं लागतं. इन्शुलिन, नळीतून खाणं, जखमेचं ड्रेसिंग ही कामं अशा शिकलेल्या हातांनी करायची. दिवसा आणि रात्री अशी किमान एकेक सिस्टर हजर असते का, तिचं नाव काय, नोंदणी कुठली, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. २४ हजार देताय.

एक गोष्ट मात्र पाळा. मावशीवर कधीच आवाज चढवू नका. तक्रार मॅनेजरकडे, लेखी. तुम्ही घरी गेल्यावर आण्णांची कूस बदलणार ती मावशीच. आणि गुपचूप पन्नास-शंभर तिच्या हातावर टेकवण्याच्या भानगडीतही पडू नका. नाहीतर ज्यांच्याकडून पैसे येत नाहीत त्यांच्या पलंगाकडे दुर्लक्ष व्हायची सवय लागते. दिवाळीला सगळ्यांना मिळून मिठाई किंवा पाकीट द्या, उघडपणे.

भेटीची वेळ. तुम्ही सकाळी सातला आणि रात्री आठला जाऊन बघा, तेही न कळवता. सकाळी रात्रीचा डायपर बदलायचा असतो, तोंड धुवायचं असतं, चहा-नाष्टा भरवायचा असतो, सगळी घाई त्याच वेळी. तेव्हा थोडा वास येईल, गोंधळ असेल, त्यानं घाबरू नका. दिवसभर फक्त फिनेल आणि रूम फ्रेशनरचाच वास येणाऱ्या जागेपेक्षा ते बरं. "इन्फेक्शन होतं, बाहेरच्यांना सकाळी सोडत नाही," असं म्हणतील. इतर पेशंटच्या आंघोळीच्या वेळी परक्या माणसानं खोलीत फिरू नये हे बरोबर, पण आपल्या माणसाच्या पलंगाशी पडदा ओढून बसायला हरकत काय? नीट समजावूनही ठाम नकार मिळाला, तर माझ्या मते ते सेंटर बदलायला तेवढं एक कारण पुरे.

जेवणाच्या वेळी एकदा तरी पूर्णवेळ थांबा. आण्णांना ताठ बसवून भरवतात की उशी लावून अर्धवट आडवं? हनुवटी जराशी खाली, लहान घास, आणि घास डाव्या बाजूनं द्यायचा, कारण उजव्या गालात त्यांना घास आहे की नाही हेच कळत नाही. जेवण झाल्यावर त्यांना तोंड उघडायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च मारून उजव्या गालाच्या खळगीत बघा. तिथं भात अडकून राहिलेला सापडला, तर भरवणारा घाईत असतो आणि तोंड धुऊन देत नाही, हे दोन्ही एकदम सिद्ध झालं. असा अडकलेला घास आडवं झाल्यावर श्वासनलिकेत जातो आणि मग न्यूमोनिया. जेवणानंतर निदान अर्धा तास बसवून ठेवायला हवं. ताट किती संपलं याची नोंद होते का, तेही बघा. नुसतं "जेवले" असं लिहिलेलं चालत नाही.

दर महिन्याला वजन करायला सांगा. उभं राहता येत नसेल तर खुर्चीचा काटा मिळतो. ६० किलोच्या माणसाचं महिन्यात तीन किलो वजन उतरलं तर ती गंभीर गोष्ट आहे. काटा नसेल तर शिवणकामाची टेप घेऊन जा, डाव्या दंडाचा घेर मोजा, तारीख घालून लिहून ठेवा. दादाला "मला वाटतं" म्हणून सांगितलं की तो संशय म्हणतो. आकडे दाखवा.

पांढऱ्या रश्श्याचं उत्तर इथंच देते. मन मोडायचं नाही, पण पातळ पदार्थ गिळताना त्यांना ठसका लागतो का ते आधी डॉक्टरांकडून किंवा गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडून बघून घ्या. पाणी पिताना खोकला येत असेल, पिऊन झाल्यावर आवाज घोगरा-ओला लागत असेल, तर पातळ रस्सा नको. मग त्यात भाकरी पूर्ण कुस्करून, मऊ लापशीसारखं करून चमच्यानं द्या. मीठ बेतानं घाला, बीपी असणारच. आणि स्वतः भरवा. डबा काउंटरवर ठेवून आलात तर तो कुणी खाल्ला ते पांडुरंगालाच ठाऊक.

पाण्याचं फार जणांच्या लक्षात येत नाही. डायपरवरच्या पेशंटला पाणी कमी पाजलं की डायपर कमी बदलावे लागतात. मुद्दाम कुणी ठरवत नसेल, पण कामाच्या रेट्यात असं घडतं. जीभ कोरडी, लघवी गडद पिवळी, ओठांना चिरा, एवढं बघा. आणि पाण्याचा पेला पलंगाच्या कुठल्या बाजूला ठेवलाय? घंटीचं बटण कुठल्या बाजूला? आण्णांचा चालतो तो डावा हात. घंटी उजव्या उशीपाशी लटकत असेल तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरइतकीच कामाची. हे बघायला डॉक्टर लागत नाही, आणि सेंटरमधल्या कुणाच्याही ध्यानात आलेलं नसेल तर आण्णांकडे माणूस म्हणून कुणी बघतच नाही असं मी म्हणेन.

बिलं दादाकडे द्या. बेंगळुरूत बसून तो हे काम झकास करू शकेल. डायपर वेगळे लावतात म्हणालात ना? महिन्याचे डायपर भागिले तीस. अंथरुणावरच्या माणसाला दिवसाला चार-पाच तरी लागतात. बिलात दोनच पडत असतील तर आण्णा तासन्‌तास ओल्यात पडलेत. बिलात आठ लागलेत आणि तुम्ही कधीही गेलात तरी तो भरून फुगलेलाच दिसतो, तर उरलेले कुठं जातात ते विचारा. शुगरच्या पट्ट्या, हातमोजे, ड्रेसिंगचं सामान, सगळ्याचा असाच हिशेब होतो. कंडक्टरच्या पोराला एवढं जमेलच. शिवाय रोज संध्याकाळी शुगरची आणि जेवणाची नोंद व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा, त्याच्याच नंबरवर. व्हिडिओ कॉलवर मात्र भरवसा नको, त्यात फक्त चेहरा दिसतो.

आण्णांना बोलता येत नाही म्हणून त्यांना विचारायचंच नाही असं करू नका. उजवी बाजू जाते तेव्हा बऱ्याचदा वाचाही जाते, पण समज टिकलेली असू शकते. "हो असेल तर माझा हात दाबा" असं सांगून डाव्या हातात हात द्या आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा. रात्री थंडी वाजते का? कुणी ओरडतं का? दुखतं का? विचारताना मावशी खोलीत नको. त्यांना उठवून बसवतानाही बघा. लुळा हात धरून ओढत असतील तर खांदा निखळतो आणि तो कायमचा दुखत राहतो. उजव्या खांद्याला हात लावल्यावर ते तोंड वाकडं करत असतील तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मनगटावर बांधल्याच्या खुणा दिसल्या तर "पडू नयेत म्हणून" हे कारण ऐकून घ्या, पण डॉक्टरांची लेखी चिठ्ठी मागा. नसेल तर माफ करायची नाही अशी ती गोष्ट आहे.

आणखी एक नजर, जी कुणी सांगत नाही. ज्या आजोबांना भेटायला कुणीच येत नाही, ते तिथं कुठल्या पलंगावर आहेत ते बघा. असं एकतरी माणूस असतंच. फोटो नको, चौकशा नकोत, जाता-येता फक्त नजर टाका. त्यांची नखं, त्यांची चादर, त्यांच्याजवळचं पाणी. त्या पलंगावर जी सेवा दिसेल ती त्या सेंटरची खरी सेवा. तुमच्या आण्णांना मिळते ती तुमच्या येण्यामुळे थोडी वाढवलेली.

कागदांचं थोडक्यात. संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आणि औषधोपचार करणारं नर्सिंग होम म्हणून चालवत असतील तर १९४९ च्या महाराष्ट्र कायद्याखालचं प्रमाणपत्र, तेही दर्शनी भिंतीला. मुदत बघा. आगीच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र बघा. आण्णांचं मूळ आधार, पासबुक, एटीएम कार्ड तिथं ठेवायचं नाही. तुम्ही सही केलेल्या करारात डिपॉझिट कधी परत, नोटीस किती दिवसांची, अचानक बिघडलं तर कुठल्या दवाखान्यात नेणार, ही तीन कलमं शोधा. आण्णांचं वय ७० च्या पुढं आहे, तेव्हा आयुष्मान भारतचं ज्येष्ठांचं कार्ड काढून ठेवा. पाच लाखांपर्यंतचं संरक्षण दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येईल. सेंटरचं महिन्याचं बिल त्यात बसत नाही.

आणि कोल्हापूरकर म्हणून एक प्रश्न नक्की विचारा, पुराचं काय? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. सेंटर नदीपलीकडं असेल तर पावसाळ्यात सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, किंवा तुमच्या डॉक्टरांकडं कुठल्या रस्त्यानं आणणार? लाइट गेली की बेडसोर होऊ नये म्हणून घातलेली हवेची गादी बसते आणि पेशंट लोखंडी पलंगावर पडल्यासारखा होतो, तेव्हा इन्व्हर्टर किती तास चालतो? औषधांचा आणि डायपरचा साठा किती दिवसांचा? याची उत्तरं तयार असतील तर माणसं जबाबदार आहेत. "ताई, आमच्याकडं पाणी येत नाही" एवढंच म्हणाले, तर रस्त्याचा विचार केलेला नाही.

चुलत्यांचं काय करायचं? त्यांना निरोप पाठवा की आण्णांजवळ बुधवारी सकाळी दोन तास बसायला माणूस हवंय. आले तर सोनं, एक खेप वाढली. नाही आले तर त्यांच्या बोलण्याचं वजन तुम्हाला कळेल. बापाला टाकलं असतं तर पायजम्याच्या नाडीकडं तुमचं लक्ष गेलं नसतं. एका हातानं आई, दुसऱ्या हातानं सासर सांभाळत तुम्ही हे करताय, त्याबद्दल मला तुम्हाला काही शिकवायचं नाही.

आता काढून कधी आणायचं. पुढच्यापैकी एक जरी दिसलं तर चर्चा नको. मारल्याच्या खुणा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दिलेली झोपेची गोळी. मांस दिसणारी जखम तुमच्यापासून लपवली. शुगर कमी झाल्याचं माहीत असून डॉक्टरांना कळवलं नाही. बाकीच्या उणिवांसाठी, म्हणजे नखं, घंटी, पाण्याचा पेला, भरवण्याची पद्धत, एक लेखी यादी मॅनेजरला द्या, तिच्यावर पोच घ्या आणि पंधरा दिवस द्या. सुधारलं तर राहू द्या. नवी जागा म्हणजे नवी माणसं, नवी खोली, आणि आण्णांसारख्याला तो त्रासच असतो. यादी दिल्यावर मावशीला रागे भरून तिला तुमची माफी मागायला लावली, आणि घंटी तिथंच राहिली, तर दुसरी जागा शोधायला लागा. शोधताना वर लिहिलेलं सगळं ठेवायच्या आधी बघा.

तक्रारीच्या जागांबद्दल लोकांचा घोळ होतो म्हणून लिहिते. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आणि प्रांत कार्यालयातलं न्यायाधिकरण हे मुख्यतः मुलांकडून मिळायच्या निर्वाहासाठी आहे, सेंटरच्या सेवेसाठी तिथं खेपा घालू नका. पैसे देऊन घेतलेली सेवा वाईट निघाली तर जिल्हा ग्राहक आयोग. मारहाण असेल तर पोलिस ठाणं. कुठं जायचं हे समजत नसेल तर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ ला, फोन करून विचारा.

आणि हलवायचं ठरलंच, तर त्या दिवशी डिपॉझिटवरून भांडण काढू नका. आधी आण्णा बाहेर. गाडीत आडवं न्यावं लागेल, सोबत एक शिकलेलं माणूस हवं, आणि जेवणानंतर लगेच निघू नका. निघण्याआधी सेंटरकडून लेखी घ्या: चालू औषधं आणि आज सकाळी कुठली दिली, गेल्या आठवड्याच्या शुगर, शेवटचं वजन, अंगावर कुठं काय जखम आहे नि तिचं ड्रेसिंग कधी झालं, शौचाला शेवटी कधी झालं. नव्या सिस्टरला पहिल्या रात्री याचाच आधार लागतो. ते लिहून देत नसतील तर तुम्हीच त्यांच्यासमोर वहीत लिहा आणि सही मागा. सही नाकारली तर तसंही लिहा, वेळ टाका. डिपॉझिटची नोटीस दादा बेंगळुरूहून स्पीड पोस्टानं पाठवील.